देऊळ येतंय, दांडा धरा!

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग बसा. पण आधीच सांगून ठेवतो, मधेच कोणी 'महाराज' म्हणायचं नाही. त्या शब्दावरून मी भर नाक्यावर एकाची कॉलर धरलेली आहे. आणि चहा गार झाला तर मला बोल लावू नका. या गोष्टीत म्हातारी माणसं आहेत, आणि म्हातारी माणसं आली की कुठलीही गोष्ट लांबतेच.

तर, मी बसचा कंडक्टर होतो. हो, मीच! 'वर्गात सगळ्यात जास्त वाद घालणारा' म्हणून प्रोफेसर ज्याला बोटानं दाखवायचे, तो मी खाकी कपडे घालून, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून दादरहून गिरगावला आणि गिरगावहून दादरला फिरत होतो. इंटरला कॉलेज सोडलं. का सोडलं विचारलंत तर माझं ठरलेलं उत्तर होतं: बापामुळे.

ते उत्तर अर्धं तरी खरं होतं. माझे बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. एका सकाळी पाळीला निघाले, ट्रामच्या पायरीवर उभे. लालबागच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथं मारुतीचं देऊळ आहे. देऊळ दिसलं आणि बाबांनी हात जोडले. एक नव्हे, दोन्ही! ट्रामला कुठं देव? ती आपली वळली. बाबा रस्त्यावर! खुब्याचं हाड मोडलं, गिरणी सुटली आणि हातात काठी आली ती कायमची.

यावर घोडपदेवच्या आमच्या खोलीत जे संवाद व्हायचे ते ऐका.

मी म्हणायचो, "बाबा, एक हात दांड्याला ठेवला असता तर?"

"एका हातान नमस्कार खय करतत काय? देवान वाचवल्यान माका, नायतर माजो भुगो झालो असतो."

"अहो, त्याला नमस्कार करतानाच पडलात ना!"

"म्हणान तर वाचलंय! दुसऱ्याक करताना पडलंय असतंय तर कोण वाचवणार होतो?"

आता बोला! या तर्कापुढं कुठला प्रोफेसर टिकेल? आई पदर तोंडाला लावून हसायची, बाबा काठी आपटायचे आणि मी दार आपटून खाली नाक्यावर जायचो. आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य दारं आपटण्यात गेलं. तेव्हा भिंतीभिंतीवर 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं. हीच वडीलधारी मंडळी सभेला जाऊन हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवायची आणि घरी येऊन पोराला सांगायची, साहेबापुढं मान वर करू नकोस. चीड येणार नाही तर काय होणार?

मामांनी खटपट करून मला बसवर चिकटवलं. नोकरी तात्पुरती. काम बरं दिसलं तर कायम, नाहीतर नमस्कार. (हा शब्द पुन्हा आलाच!) घरात मिळवता मी एकटा, तेव्हा कायम होणं भागच होतं.

आमची गाडी दुमजली. मागचं दार उघडं, त्यात एक उभा दांडा. गर्दी झाली की निम्मी माणसं त्या दांड्याला द्राक्षांसारखी लटकायची. आणि नेमक्या त्याच वळणावरून गाडी जायची, जिथं बाबा पडले होते.

पहिल्या दिवशी मी जे पाहिलं ते अजून विसरलो नाही. गाडी वळणावर आली, डाव्या हाताला देऊळ दिसलं आणि उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम हात सोडले! दांडा मोकळा, वरचे चामड्याचे पट्टे मोकळे, सगळे हात छातीशी. गाडी उजवीकडे वळतेय, माणसं डावीकडे कलतायत, उघडं दार डावीकडेच, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले! क्षणभर ती गाडी कोणाच्याच हातात नव्हती. मग पुन्हा सगळ्यांनी पट्टे धरले, कोणीतरी जांभई दिली, कोणीतरी "जरा सरका की हो" म्हणालं. जसं काही घडलंच नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. माझ्या गाडीतून या वळणावर माणूस पडणार नाही. बापाला आवरता आलं नाही, निदान परक्यांच्या बापांना तरी आवरू.

दुसऱ्या दिवसापासून वळण यायच्या आधी मी दारात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलो, "देऊळ येतंय! दांडा धरा!"

काय झालं असेल? जे झोपले होते ते जागे झाले. जे पेपर वाचत होते त्यांनी पेपर मिटला. ज्यांना देवळाचा पत्ताही नव्हता त्यांनी मान वाकवून "कुठाय, कुठाय?" केलं. आणि आतापर्यंत निम्मी गाडी हात जोडायची, ती आता अख्खी जोडू लागली. वरच्या मजल्यासकट!

फोर्टात कारकुनी करणारे एक काळी टोपीवाले गृहस्थ उतरताना माझा खांदा थोपटून म्हणाले, "शाबास! रोज डुलकी लागायची आणि दर्शन चुकायचं. तुमच्यामुळे आज घडलं."

मी म्हणालो, "अहो, मी दर्शनासाठी नाही, दांड्यासाठी ओरडलो!"

"तेच ते," असं म्हणून ते गेलेसुद्धा.

तेच ते कसं? पण ऐकतो कोण! मग मी जरा कडक झालो. दुसऱ्या दिवशी वळणाआधी ओरडलो, "हात सोडायचे नाहीत! देव कुठं पळून जात नाही!"

आमच्या गाडीला रोज एक पारूमावशी असायची. मूळची साताऱ्याकडची. लालबागेत मिरची-मसाले कांडायची आणि गिरगावात घरोघर पोचवायची. ती चढली की अख्खी गाडी शिंकायची. तिनं माझं वाक्य ऐकलं, गालाला हात लावला आणि म्हणाली, "खरं बोललास पोरा! द्येव न्हाई पळत, आपुनच पळतोय त्याच्यापासनं."

"वा!" गाडीतून आवाज आला.

अहो, वा काय? मी त्यांना झापत होतो! चिडून म्हणालो, "एक दिवस पडाल, मराल, मग डोळे उघडतील!"

कोपऱ्यात बसलेल्या एका आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली. "शेवटी हेच आहे हो," म्हणाले.

पाहिलंत? मी जेवढा संतापायचो, तेवढं ते प्रवचन व्हायचं. या लोकांना रागावून बोललेलं कळत नाही असं नव्हे. पण रागावणारा माणूस आपल्या भल्यासाठीच रागावतो, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलेलं, की तो काय म्हणतोय याकडे लक्षच द्यायचं नाही. जन्मभर बापाचं, मास्तराचं, मुकादमाचं बोलणं खाल्लेली माणसं ती. शिव्यासुद्धा प्रसादासारख्या घ्यायची.

माझी कीर्ती पसरली. म्हाताऱ्या बाया एकेक गाडी सोडून माझ्या गाडीसाठी थांबायला लागल्या. कोणी खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवायचं. एका शनिवारी पारूमावशीनं हद्द केली. दारातल्या दांड्याला तिनं झेंडूची माळ गुंडाळली! आता दांडा धरणार कोण? जो चढेल तो दांड्याला बोटं लावायचा, बोटं कपाळाला लावायचा आणि माळ चुरगळू नये म्हणून अंग चोरून अधांतरी उभा राहायचा. माणसांनी धरावा म्हणून ज्या दांड्यासाठी मी घसा फोडत होतो, त्या दांड्याचा देव झाला आणि त्याला धरायचीच बंदी झाली!

संध्याकाळी नाक्यावर आमचा अड्डा जमायचा. देव, धर्म, भांडवलदार, सगळ्यांना आम्ही तिथं रोज उलथून टाकत असू. बाळ्या माझा जिगरी दोस्त. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले.

"या महाराज! आज कीर्तन कुठल्या स्टॉपावर?"

"बाळ्या, थोबाड फोडीन."

"फोडा महाराज, आपल्या हातून मोक्ष मिळेल."

कॉलर धरली ती याचीच.

साहेबांपर्यंतही बातमी गेली. गाड्या तपासणारे साहेब एकदा डेपोत भेटले तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या गाडीत भजन चालतं म्हणे? गाडी वेळेत येत नाही, माणसं इतर गाड्या सोडतायत. देवभक्ती घरी करा. तुम्हाला कायम करायचं की नाही ते मी एकदा स्वतः बघून ठरवणार."

मी! देवभक्त! माझी नोकरी जाणार ती देवभक्तीपायी! आहे की नाही गंमत?

आणि या सगळ्यात आनंद झाला कोणाला? बाबांना. चाळीत कोणीतरी त्यांना सांगितलं, तुमचा मुलगा सुधारला हो, देऊळ आलं की गाडीभर सगळ्यांना नमस्कार घालायला लावतो. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलायला लागले. जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या हातानं माशाची तुकडी वाढली. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बाप खूश असलेला मी कधी पाहिलाच नव्हता. तो असा दिसतो होय, म्हणून नुसता बघत राहिलो.

मग एका सकाळी बाबा काठी टेकत परळच्या स्टॉपवर हजर! मुलाची गाडी बघायला.

गाडी खच्चून भरलेली. दोघांनी उठून जागा दिली. बाबा बसतील तर शपथ.

"माका बसूक नको. माका उभ्यानच देव बघूचो आसा." आणि जाऊन उभे राहिले कुठं? दारात! दांड्याजवळ! एका हातात काठी, दुसरा हात दांड्याला, खुबा मोडलेला, आणि समोर तेच वळण येतंय.

"बाबा, आत या."

"गप रव. आतसून देव दिसता काय?"

वळणावर हा माणूस काठी बगलेत मारणार आणि दोन्ही हात जोडणार, हे मला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. मागच्या वेळी खुबा गेला. या वेळी?

मी घंटीची दोरी ओढून पुढच्या स्टॉपवर गाडी थांबवली आणि पुन्हा घंटी दिलीच नाही. सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिलो.

"ऐका," म्हणालो, "मी भक्त-बिक्त कोणी नाही. देव आहे की नाही मला माहीत नाही. हे माझे वडील. पुढच्या वळणावर हात जोडताना ट्राममधून पडले. पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. मी रोज ओरडतो ते एवढ्यासाठीच. तुम्ही पडू नये म्हणून. आज माझ्या वडिलांसमोर तरी हात सोडू नका. तुमचं बघून ते सोडणार नाहीत."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. बापाची चारचौघांत लाज काढली.

पारूमावशी तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "आस्सं व्हय." मग उठली, दारात आली, दांड्याची माळ ओढून तोडली आणि बाबांचा हात दांड्यावर ठेवून वरून आपला मिरचीनं लाल झालेला पंजा दाबून धरला. "धरा वो दादा. मी बी धरती."

घंटी दिली. गाडी सुटली. वळण आलं.

मी काही ओरडलो नाही. गरजच नव्हती. सगळ्यांचा एक हात पट्ट्याला नाहीतर दांड्याला, घट्ट. कोणी दुसरा हात छातीवर ठेवला, कोणी नुसती मान झुकवली. आणि बाबा! ओठ हलत होते, डोळे देवळाकडे, पण हात मावशीच्या पंजाखाली दांड्यावरच. एकही माणूस हलला नाही. इतके दिवस घसा फोडून जे झालं नव्हतं, ते झालं होतं.

पारूमावशीनं माझ्याकडे बघितलं. "आता झालं समाधान?"

काय सांगू तुम्हाला! या लोकांना मी काय काय बोललो होतो! मी मनापासून त्या सगळ्यांना हात जोडले.

दोन्ही!

गाडी उजवीकडे वळत होती. मी डावीकडे गेलो. थेट दाराबाहेर.

गाडी वळणावर हळू होती म्हणून ही गोष्ट सांगायला मी आहे. रस्त्यावर पालथा पडलो, जोडलेले हात पुढे पसरलेले, डोकं देवळाच्या पायरीकडे, टोपी घरंगळत उंबऱ्यापाशी. पिशवीतली रंगीबेरंगी तिकिटं वर उडाली आणि पाकळ्यांसारखी माझ्या पाठीवर पडली. याहून शुद्ध साष्टांग नमस्कार त्या देवळासमोर कोणी घातला नसेल. पुजारी बाहेर आले. खाकी कपड्यातला माणूस असा पडलेला बघून त्यांना भरून आलं. मी "पाणी, पाणी" म्हणत होतो. त्यांनी तीर्थ दिलं आणि कपाळभर शेंदूर फासला.

आणि गाडी? गाडी गेली! ड्रायव्हर पुढं आपल्या बंद खोपट्यात, त्याला मागचं काय कळणार? घंटीची दोरी ओढायला हवी. पण ओढणार कोण? अख्खी गाडी एका हातानं दांडे-पट्टे धरून, दुसऱ्या हातानं माझ्याकडे बोटं दाखवत "कंडक्टर पडला, कंडक्टर पडला" ओरडत होती, आणि दोरीपर्यंत जायला धरलेला हात कोणीच सोडायला तयार नव्हतं. मीच सांगितलं होतं ना!

लंगडत, धुळीनं माखून पुढच्या स्टॉपवर पोचलो तर गाडी उभी, आणि गाडीच्या दारात कोण? साहेब! नेमके तिथंच चढले होते.

"कंडक्टर कुठाय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा काळी टोपीवाले गृहस्थ म्हणाले होते, "देवाला नमस्कार करायला उतरलेत." आणि मी समोर उभा, कपाळावर बोटभर जाड शेंदूर!

"उतरलात की पडलात?" साहेबांनी विचारलं.

उतरलो म्हणावं तर कामचुकार देवभक्त, पडलो म्हणावं तर निष्काळजी. दोन्हीकडून नोकरी जाणार. मी बाबांकडे बघितलं. आता त्यांच्यादेखत खोटं कुठं बोलू?

"पडलो."

"कशानं?"

"हात जोडले म्हणून. ह्या लोकांना."

साहेबांच्या आधी बोलले ते बाबा.

"मी पडलंय तेव्हा देवाक तरी हात जोडले होते. तू ह्या मेल्यांका जोडलंस?"

सगळी गाडी हसली. साहेबसुद्धा रुमालात तोंड खुपसून खोकले. मग म्हणाले, "अख्ख्या गाडीत दांडा सोडणारा एकच निघाला, आणि तो माझा कंडक्टर! कायमचं नंतर बघू. आधी हा गिरगावपर्यंत गाडीतच कसा राहील ते सांगा."

"माज्याकडं दोरी हाय मसाल्याच्या पोत्याची," पारूमावशी म्हणाली.

"दोरी नको, काचात," बाबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या कमरेभोवती फिरवला आणि मला दारातल्या दांड्याला बांधून टाकलं. साच्यावर सूत जोडणारी बोटं ती. गाठ अशी बसली की जागचं हलता येईना. साहेबांनी गाठ ओढून बघितली आणि मान हलवली. मी एवढा मोठा बंडखोर, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. खरं तर कधी नव्हे ते मला निवांत वाटत होतं.

गिरगावात शिरलो तर रस्त्यावर मोर्चा. गाडी रेंगाळत चालली. लोकांनी बघितलं, खाकीतला तरुण पोरगा, अंग धुळीनं माखलेलं, कपाळ लालभडक, आणि दांड्याला बांधलेला! तेव्हा धरपकडीचेच दिवस होते. त्यांना काय वाटायचं ते वाटलं. कोणीतरी मूठ उगारून गर्जना केली, "संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खा रस्ता दुमदुमला. पोरं गाडीबरोबर धावायला लागली. गॅलऱ्यांतून बाया बघायला लागल्या. कोणी माझा जयजयकार केला. मी आयुष्यभर ज्याची स्वप्नं बघितली ते हे!

मी कानकोंडा होऊन उभा. बाबांनी काठीनं माझ्या पोटरीला टोचलं. "अरे, ते आरडतत तुझ्यासाठी. कर हात वर. पडूचस नाय आता."

मी दोन्ही हात वर केले.

बंडखोर म्हणून मुंबईनं मला डोक्यावर घेतलं ते तेवढं एकदाच. आणि तेव्हा मी बापाच्या पंच्यानं, बापानंच मारलेल्या गाठीत, दांड्याला बांधलेला होतो.